कॉम्प्युटरच्या पोटातून टीव्हीच्या पडद्यावर

दोस्तांनो, आधी एक छोटंसं मोजमाप करा बघू. तुमच्या घरातल्या कॉम्प्युटरपासून टीव्हीपर्यंत किती पावलं चालावी लागतं? आठ? दहा? फार तर पंधरा! आणि तरीही कॉम्प्युटरमध्ये साठवलेलं तुमच्या स्नेहसंमेलनातलं नाटक, मामाच्या लग्नाचे फोटो, गावच्या जत्रेचं चित्रण ही दहा पावलं काही ओलांडत नाही. पाहायचं ठरलंच तर सगळं घर त्या एवढ्याशा पडद्याभोवती गर्दी करतं. आजोबांना चष्मा लावूनही कोण कुठे उभं आहे ते कळत नाही. आजी तर "तुम्हीच बघा रे बाळांनो" म्हणून स्वयंपाकघरात निघून जाते. आणि दहा पावलांवर भिंतीवरचा भला मोठा टीव्ही मात्र गप्प बसलेला!

आता तुम्ही म्हणाल, "त्यात काय, पेन ड्राइव्ह लावला की झालं!" कधी कधी खरंच तेवढ्यात होतं. पण कधी टीव्ही फाइलचं नावसुद्धा दाखवत नाही. कधी चित्र दिसतं, आवाज येत नाही. कधी आवाज येतो आणि पडदा काळाच राहतो. मग घरातलं कुणीतरी म्हणतं, "टीव्ही बिघडला वाटतं!"

टीव्ही बिचारा बिघडलेला नसतो. त्याचं असं आहे, की कॉम्प्युटरमधली फाइल टीव्हीवर दिसण्यासाठी दोन प्रश्न सुटावे लागतात. पहिला प्रश्न वाटेचा : फाइल तिथपर्यंत जाणार कशी? दुसरा प्रश्न भाषेचा : गेल्यावर ती टीव्हीला वाचता येणार का? हे दोन प्रश्न वेगवेगळे धरले, की निम्मा गोंधळ तिथेच मिटतो. चला तर, आधी वाटा पाहू. त्या मुख्यतः तीन आहेत.

पहिली वाट : खिशातून

ही सगळ्यांत सोपी आणि सगळ्यांच्या ओळखीची. फाइल पेन ड्राइव्हवर कॉपी करायची, पेन ड्राइव्ह टीव्हीच्या मागच्या किंवा बाजूच्या यूएसबीच्या खाचेत लावायचा, आणि रिमोटवरून 'सोर्स' किंवा 'इनपुट' मध्ये जाऊन यूएसबी निवडायचं. वाय-फाय नको, इंटरनेट नको.

ही यूएसबीची खाच आज चार्जरपासून प्रिंटरपर्यंत सगळीकडे दिसते. पण तुमचे आईबाबा शाळेत होते तेव्हा माऊसची खाच वेगळी, प्रिंटरची वेगळी, मोडेमची वेगळी असा सगळा मामला होता. या सगळ्यांना मिळून एकच खाच असावी म्हणून १९९६ साली यूएसबी आली. इंटेल कंपनीतल्या ज्या मंडळींनी ती घडवली, त्यांत अजय भट्ट हे मूळचे भारतीय अभियंते प्रमुख होते. आणि त्यांचं शिक्षण कुठे झालं, ठाऊक आहे? आपल्या शेजारच्या बडोद्याला, महाराजा सयाजीराव विद्यापीठात!

बरं, आता एक कोडं. तुमच्याकडे ३२ जीबीचा कोरा पेन ड्राइव्ह आहे. स्नेहसंमेलनाचं एक तासाचं चित्रण आहे ८ जीबीचं. कॉपी करायला गेलात, तर कॉम्प्युटर म्हणतो, "फाइल फार मोठी आहे, मावत नाही." ३२ मध्ये ८ मावत नाहीत? गणिताच्या बाई काय म्हणतील!

गोम अशी आहे. पेन ड्राइव्ह म्हणजे एक कपाट समजा. कपाटात काय काय ठेवलंय, याची एक नोंदवही त्यातच असते. ही नोंदवही लिहिण्याच्या निरनिराळ्या पद्धती आहेत. त्यांतली एक जुनी आणि अजूनही पुष्कळ ठिकाणी चालणारी पद्धत म्हणजे 'फॅट ३२'. १९९६ मध्ये विंडोज ९५ च्या सुधारित आवृत्तीबरोबर ती आली. या नोंदवहीत प्रत्येक फाइलची लांबी लिहायला ३२ चौकटी असतात, आणि प्रत्येक चौकटीत फक्त ० किंवा १ लिहिता येतो.

चार चौकटी असत्या, तर त्यांत जास्तीत जास्त १५ हा आकडा लिहिता आला असता. आठ चौकटी असत्या, तर २५५. बत्तीस चौकटींत मावणारा सर्वांत मोठा आकडा आहे ४२९ कोटी ४९ लाख ६७ हजार २९५. एवढे बाइट म्हणजे ४ जीबीला फक्त एक बाइट कमी. त्याहून मोठी फाइल आली, की तिची लांबी लिहायला वहीत जागाच नाही! कपाट रिकामं असलं तरी नोंद करता येत नाही, म्हणून फाइल आत घेता येत नाही. त्या काळी घरच्या कॉम्प्युटरची अख्खी हार्ड डिस्कच बहुधा एक-दोन जीबीची असे. तेव्हा चार जीबीची एकटी फाइल कुणाच्या डोक्यात येणार?

यावर उपाय दोन. एक, पेन ड्राइव्हची नोंदवही बदलून 'एक्सफॅट' किंवा 'एनटीएफएस' पद्धतीची करायची. याला 'फॉरमॅट' करणं म्हणतात. पण सावधान! फॉरमॅट म्हणजे पाटी स्वच्छ पुसणं. आधीचं सगळं जातं. शिवाय जुन्या टीव्हीला नवी पद्धत वाचता येईलच असं नाही, त्यामुळे टीव्हीबरोबर आलेलं माहितीपुस्तक आधी उघडा. दुसरा उपाय त्याहून बरा : चित्रणाचे तुकडे करा. नाटक वेगळं, कोळीनृत्य वेगळं, बक्षीस समारंभ वेगळा. पाहणाऱ्यांचीही सोय होते. मुख्याध्यापकांचं भाषण पुन्हा ऐकायचं की थेट नाचाकडे जायचं, हे ज्याचं त्याने ठरवावं!

आणखी एक धोक्याचा कंदील. काही टीव्ही पेन ड्राइव्ह लावताच विचारतात, "हा फॉरमॅट करू का?" टीव्हीला त्यावर कार्यक्रम रेकॉर्ड करायचे असतात किंवा स्वतःची साठवण वाढवायची असते, म्हणून तो विचारतो. घाईघाईत 'हो' चं बटण दाबलंत, तर फोटो गेलेच म्हणून समजा. असा प्रश्न दिसला की हात मागे घ्या आणि घरातल्या मोठ्यांना बोलवा.

दुसरी वाट : तारेवरून

टीव्हीच्या मागे चपटी, दोन कोपरे कापल्यासारखी दिसणारी एक खाच असते. ती एचडीएमआयची. आजीआजोबांना किंवा आईबाबांना विचारा, पूर्वी व्हीसीआर किंवा सीडी प्लेयर जोडायला पिवळी, लाल आणि पांढरी अशा तीन वायरी लागत. पिवळी चित्राची, बाकी दोन आवाजाच्या. २००२ मध्ये एचडीएमआयचा पहिला नियमसंच ठरला आणि चित्र-आवाज दोन्ही एकाच केबलमधून जाऊ लागले.

कॉम्प्युटर आणि टीव्ही या केबलने जोडा, टीव्हीच्या 'सोर्स' मध्ये ती खाच निवडा, की कॉम्प्युटरचा पडदा जसाच्या तसा टीव्हीवर! इथे गंमत लक्षात घ्या. या वाटेने फाइल टीव्हीकडे जातच नाही. फाइल कॉम्प्युटरच उघडतो, कॉम्प्युटरच वाचतो, आणि तयार झालेलं चित्र तेवढं पुढे पाठवतो. टीव्ही नुसता आरशाचं काम करतो. म्हणजे मघाचा दुसरा प्रश्न, भाषेचा प्रश्न, इथे उरतच नाही. जे कॉम्प्युटरवर दिसतं, ते टीव्हीवर दिसणारच.

चित्र आलं पण आवाज अजून कॉम्प्युटरमधूनच येतोय? मग कॉम्प्युटरच्या आवाजाच्या खुणेवर क्लिक करून आवाज कुठे पाठवायचा, त्या यादीत टीव्हीचं नाव निवडा. काही नव्या लॅपटॉपना एचडीएमआयची खाच नसते, तिथे मधे एक छोटा जोड लावावा लागतो. तो घेण्याआधी तुमच्या लॅपटॉपच्या यूएसबी-सी खाचेतून चित्र बाहेर पडतं का, याची मात्र खात्री करून घ्या. सगळ्याच खाचांमधून ते पडत नाही.

तिसरी वाट : हवेतून

आता खरी जादू. पेन ड्राइव्ह नाही, केबल नाही. कॉम्प्युटर आपल्या जागी, टीव्ही आपल्या जागी, आणि तरी फोटो हजर!

वाचनालयाचं उदाहरण घेऊ. पुस्तक घरी नेऊन वाचणं ही झाली पेन ड्राइव्हची तऱ्हा. पण समजा, तुम्ही वाचनालयातच बसलात आणि ग्रंथपाल एकेक पान आणून तुमच्यासमोर धरू लागले, तर? पुस्तक कपाटातच राहतं, तुमचं वाचन मात्र होतं. वाय-फायवरून दाखवण्याची तऱ्हा नेमकी हीच. कॉम्प्युटरवर ग्रंथपालाचं काम करणारं एक सॉफ्टवेअर चालू ठेवायचं, त्याला 'मीडिया सर्व्हर' म्हणतात. टीव्ही त्याच्याकडे मागणी करतो : "ते सहलीचं चित्रण दे." सर्व्हर फाइलचे लहान लहान तुकडे एकामागून एक पाठवत जातो आणि टीव्ही ते आले तसे दाखवत जातो. टीव्हीमध्ये साठवण फारशी नसली तरी अडत नाही, ते यामुळेच.

पण निरनिराळ्या कंपन्यांच्या वस्तू एकमेकांचं बोलणं समजणार कशा? त्यासाठी २००३ मध्ये सोनी, इंटेल अशा कंपन्यांनी एकत्र येऊन एक संघटना काढली. तिचं नाव पुढे 'डीएलएनए' पडलं. २०१७ मध्ये ती संघटना बंद झाली, पण तिने घालून दिलेले नियम कितीतरी टीव्ही अजून पाळतात. 'जेलीफिन' हे असंच ग्रंथपालाचं काम करणारं, पैसे न पडणारं सॉफ्टवेअर २०१८ पासून उपलब्ध आहे. पण ते कॉम्प्युटरवर बसवण्याआधी घरच्यांना विचारा, बरं का!

इथे दोन गोष्टी पक्क्या ध्यानात ठेवा. पहिली, कॉम्प्युटर आणि टीव्ही एकाच वाय-फायवर हवेत. एक घरच्या वाय-फायवर आणि दुसरा फोनच्या हॉटस्पॉटवर, असं असलं तर ते एकमेकांना दिसणारच नाहीत. दुसरी गोष्ट ऐकून बाबा खूश होतील : कॉम्प्युटरमधली फाइल अशी घरातल्या घरात दाखवताना इंटरनेटचा डेटा खर्च होत नाही. फाइल कॉम्प्युटरकडून राउटरकडे आणि राउटरकडून टीव्हीकडे जाते, घराबाहेर पडतच नाही. बाहेरचं इंटरनेट बंद पडलं तरी ही वाट सहसा चालू राहते.

चित्र मधेच अडखळतंय? मग थोडं गणित करू. वाय-फायचा वेग 'बिट' मध्ये सांगतात आणि फाइलचा आकार 'बाइट' मध्ये. आठ बिट म्हणजे एक बाइट. फोनने फुल एचडीमध्ये काढलेल्या एका मिनिटाच्या चित्रणाला सुमारे १३० एमबी लागतात असं धरू. १३० ला ८ ने गुणा आणि ६० सेकंदांनी भागा. सेकंदाला साधारण १७ मेगाबिट झाले. चित्रण फोर-केमध्ये असेल आणि मिनिटाला ३५० एमबी लागत असतील, तर हाच आकडा जवळजवळ ४७ वर जातो. आता टीव्ही राउटरपासून दोन भिंती पलीकडे असेल आणि तिथे सेकंदाला जेमतेम ३० मेगाबिट पोचत असतील, तर फुल एचडी झकास चालेल आणि फोर-के ठेचकाळत चालेल. टीव्हीचा दोष नाही आणि फाइलचाही नाही. वाट अरुंद, एवढंच.

याच वाटेची एक पोटवाट आहे. विंडोजच्या कॉम्प्युटरवर विंडोजची कळ आणि 'के' एकदम दाबली, की जवळपासचे बिनतारी पडदे शोधले जातात. तुमचा टीव्ही २०१२ मध्ये आलेली 'मिराकास्ट' पद्धत ओळखत असेल, तर कॉम्प्युटरचा सगळा पडदा हवेतून टीव्हीवर उमटतो. बिनतारी आरसाच म्हणा ना! फक्त एक विसरू नका. आरसा सगळंच दाखवतो. पाहुणे बसलेले असताना ताईला आलेला मैत्रिणीचा निरोपही बत्तीस इंची अक्षरांत झळकू शकतो. मग ताई तुमचं काय करेल, ते आम्ही सांगायला नको!

डबा आणि भाजी

वाटा झाल्या. आता दुसरा प्रश्न, भाषेचा.

फाइलच्या नावाच्या शेवटी 'एमपी ४', 'एमकेव्ही', 'एव्हीआय' अशी अक्षरं तुम्ही पाहिली असतील. पुष्कळांना वाटतं, ती चित्रणाची जात. तसं नाही. ते नुसतं डब्याचं नाव आहे! डब्याच्या एका पुडात चित्र, दुसऱ्यात आवाज, तिसऱ्यात खाली दिसणारी वाक्यं, असं सगळं भरलेलं असतं. एमकेव्ही या डब्याचं पूर्ण नाव 'मात्रोश्का' वरून आलंय. एकीच्या पोटात दुसरी, दुसरीच्या पोटात तिसरी अशा त्या रशियन लाकडी बाहुल्या असतात ना, त्यांच्यावरून!

मग आतली भाजी कोणती? ती ओळखण्यासाठी आधी हे पाहा. फुल एचडीच्या एका चित्रात १९२० गुणिले १०८०, म्हणजे २० लाख ७३ हजार ६०० ठिपके असतात. प्रत्येक ठिपक्याचा रंग सांगायला ३ बाइट धरा. सेकंदाला ३० चित्रं धरा. गुणाकार केलात तर सेकंदाला सुमारे १८ कोटी ६६ लाख बाइट होतात, आणि तासाला जवळजवळ ६७२ जीबी! पण आपलं तासाभराचं चित्रण तर ८ जीबीतच बसलं होतं. हे कसं?

नीट विचार करा. स्नेहसंमेलनात मागचा पडदा हलतो का? नाही. मग तो प्रत्येक चित्रात पुन्हा पुन्हा कशाला लिहायचा? "मागचं सगळं आधीसारखंच, फक्त नाचणाऱ्या मुली दोन बोटं डावीकडे सरकल्या," एवढंच लिहिलं की भागलं. अशा नाना युक्त्या वापरून चित्रण आटवतात. या आटवण्याच्या आणि पुन्हा उलगडण्याच्या रीतीला 'कोडेक' म्हणतात. २००३ मध्ये आलेली 'एच.२६४' ही रीत आजचे जवळपास सगळे टीव्ही ओळखतात. २०१३ मध्ये आलेली 'एच.२६५' त्याहून जास्त आटवते, साधारण निम्म्या जागेत तसंच चित्र बसवते, पण जुन्या टीव्हीला ती उलगडता येत नाही. आवाजाच्याही अशाच रीती असतात. काही टीव्हींना 'डीटीएस' नावाची रीत कळत नाही, आणि मग नट तोंड हलवतात पण शब्द काही ऐकू येत नाही. बघा, सुरुवातीचं कोडं सुटलं की नाही?

मग कॉम्प्युटरवर सगळं कसं चालतं? तिथे 'व्हीएलसी' सारखी सॉफ्टवेअर असतात. नारिंगी-पांढऱ्या शंकूचं चित्र असलेलं हेच ते. याचा जन्म मोठा मजेशीर आहे. १९९६ च्या सुमाराला पॅरिसच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांनी उपग्रहावरून येणारे टीव्हीचे कार्यक्रम महाविद्यालयाच्या नेटवर्कमधून कॉम्प्युटरवर आणण्याचा घाट घातला. त्या खटपटीतून व्हीएलसी तयार झालं आणि २००१ मध्ये त्यांनी ते सगळ्या जगाला मोफत देऊन टाकलं. तो शंकूही त्या विद्यार्थ्यांनी जमवलेल्या रस्त्यावरच्या शंकूंचाच! गंमत पाहा, टीव्हीवरचं कॉम्प्युटरवर आणायला ते निघाले होते आणि आपण उलटे निघालोय.

टीव्हीला भाषा कळत नसेल तर दोन गोष्टी करता येतात. भाजी ओळखीची असेल पण डबा अनोळखी असेल, तर नुसता डबा बदलायचा. हे काम थोडक्या वेळात होतं आणि चित्राची प्रत जराही उतरत नाही. भाजीच अनोळखी असेल, तर मात्र ती पुन्हा शिजवावी लागते. 'हँडब्रेक' नावाचं मोफत सॉफ्टवेअर कुठल्याही रीतीचं चित्रण एच.२६४ मध्ये, एमपी ४ च्या डब्यात भरून देतं. याला वेळ लागतो. शिवाय पुन्हा शिजवलेल्या भाजीची चव थोडी तरी उतरतेच, तसं चित्रही किंचित उतरतं. म्हणून नवी फाइल तयार झाली तरी मूळ फाइल कधीही पुसू नका.

फोटोंची शिस्त

फोटोंचं काम त्या मानाने सोपं. जेपीजी प्रकारचे फोटो बहुतेक सगळ्या टीव्हींवर दिसतात. काही फोन मात्र २०१७ पासून 'एचईआयसी' या नव्या प्रकारात फोटो काढतात, आणि तो पुष्कळ टीव्हींना कळत नाही. अशा फोटोंची आधी जेपीजी प्रत करून घ्या.

फोटो आडवे पडलेले दिसतात? फोनने फोटोबरोबर "मला उभा दाखवा" अशी चिठ्ठी जोडलेली असते. काही टीव्ही ती चिठ्ठी वाचतच नाहीत. तेव्हा कॉम्प्युटरवर फोटो सरळ फिरवून पुन्हा साठवा.

आणि क्रम? तुम्ही फोटोंना १, २, ३ अशी नावं दिलीत, तरी काही टीव्ही १ नंतर थेट १० दाखवतात. कारण शब्दकोशातल्यासारखं ते पहिलं अक्षर आधी पाहतात. म्हणून ००१, ००२, ००३ अशी नावं द्या. फाइलचं मराठी नाव टीव्हीवर चौकोन चौकोन दिसत असेल, तर त्यात मराठी अक्षरांचा संच नाही असं समजा आणि नाव इंग्रजी अक्षरांत लिहा. फोटोला काही होत नाही.

करून पाहा : आजीचा तास

आता सगळ्यांत महत्त्वाचं. हा सगळा खटाटोप कशासाठी?

तुमच्या घरी लोखंडी कपाटात किंवा ट्रंकेत जुन्या फोटोंचा अल्बम असेल. काळेपांढरे, कडा पिवळ्या पडलेले फोटो. कुणीतरी फेटा बांधून बसलंय, कुणाच्या मांडीवर टोपडं घातलेलं बाळ आहे, मागे एक वाडा दिसतोय. हे कोण? बहुतेक वेळा याचं उत्तर घरात एकाच माणसाला ठाऊक असतं. आजीला, पणजीला किंवा आजोबांना. फोटो आणखी पन्नास वर्षं टिकेल. पण त्यातल्या माणसांची नावं लिहून ठेवली नाहीत, तर तो कुणाचा तरी फोटो होऊन राहील.

तेव्हा एक रविवार काढा. मोठ्यांच्या मदतीने वीस-पंचवीस फोटो स्कॅन करा किंवा उजेडात नीट धरून फोनने टिपा. कॉम्प्युटरवर घ्या, सरळ करा, ००१ पासून नावं द्या आणि वरच्या तीनपैकी जमेल त्या वाटेने टीव्हीवर आणा. संध्याकाळी आजीला समोरच्या खुर्चीवर बसवा. रिमोट तिच्या हातात द्या, किंवा तिने "पुढचा" म्हटलं की तुम्ही बटण दाबा. आपोआप सरकणारा 'स्लाइड शो' नको. आठवणी काही पाच सेकंदांत उलगडत नाहीत.

जवळ वही ठेवा. फोटोचा क्रमांक, माणसांची नावं, गाव, आणि आजीला आठवलं तर साल लिहा. फोनवर तिचा आवाजही टिपून ठेवा, पण तिला सांगून. एवढ्याशा फोटोत जे तिला कधी दिसलं नव्हतं, ते मोठ्या पडद्यावर तिला दिसेल. अंगणातली विहीर, दारातली सायकल, कोपऱ्यात उभी असलेली मैत्रीण! त्या संध्याकाळी तुम्हाला तुमच्याच घराचा इतिहास मिळेल, आणि तो कुठल्याही पाठ्यपुस्तकात नाही.

आईबाबांसाठी दोन शब्द

घरचे फोटो हाताळायचं काम मुलांवर अवश्य सोपवा, पण चार नियम घालून द्या.

एक, 'कट' नाही, नेहमी 'कॉपी'. फाइल हलवायची नाही, तिची प्रत न्यायची. पेन ड्राइव्ह हरवतो, बिघडतो, धुण्यातही जातो!

दोन, काम संपल्यावर 'इजेक्ट' करूनच पेन ड्राइव्ह काढायचा. पडद्यावर फाइल पोचलेली दिसली, तरी आतलं लिखाण कधी कधी सुरूच असतं.

तीन, मीडिया सर्व्हरला सगळा कॉम्प्युटर खुला करायचा नाही. एकच फोल्डर करा आणि दाखवायचं तेवढंच त्यात ठेवा. घरचं वाय-फाय ज्यांच्याकडे आहे, त्या सगळ्यांना ते फोल्डर दिसू शकतं. वसतिगृह, हॉटेल अशा ठिकाणच्या वाय-फायवर सर्व्हर बंदच ठेवा. अनोळखी पेन ड्राइव्ह कॉम्प्युटरला लावू नका. दुसऱ्याच्या सिनेमाच्या चोरट्या प्रतींसाठी तर ही वाट नाहीच.

चार, मोलाच्या फोटोंच्या तीन प्रती ठेवा. त्या दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि त्यातली एक प्रत घराबाहेर असावी, उदाहरणार्थ काकांच्या किंवा मावशीच्या घरी. पीटर क्रोग या छायाचित्रकाराने लोकप्रिय केलेला हा '३-२-१' चा नियम आहे. टीव्हीला लावलेला पेन ड्राइव्ह हीच एकमेव प्रत असेल, तर ती जपणूक नव्हे, नशिबाची परीक्षा झाली.

जाता जाता एक कोडं

अमेयकडे १५०० एमबीचं सहलीचं चित्रण आहे. त्याच्या घरी टीव्हीपर्यंत वाय-फायचा वेग सेकंदाला ५० मेगाबिट पोचतो. पूर्ण फाइल हवेतून पाठवायला किती वेळ लागेल? त्याच्या पेन ड्राइव्हवर सेकंदाला १० एमबी लिहिले जातात. त्यावर कॉपी करायला किती वेळ लागेल? बिट आणि बाइट यांची गल्लत करू नका हं!

(उत्तर : हवेतून २४० सेकंद, म्हणजे ४ मिनिटं. पेन ड्राइव्हवर १५० सेकंद, म्हणजे अडीच मिनिटं. पण पेन ड्राइव्ह काढून टीव्हीपर्यंत चालत जायची ती दहा पावलं वेगळी मोजा!)

काय मग, लागताय ना कामाला? आधी मोठ्यांना विचारून कपाटातला तो अल्बम खाली काढा. आणि आजीला सांगून ठेवा, की येत्या रविवारी संध्याकाळी टीव्हीवर तिचा कार्यक्रम आहे.